बसल्यासारखे दिसणारे कुलूप : विमानातील सरकत्या आसनांच्या जोडाचे एक प्रकरण

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमची यंत्रकामाची छोटी शेड आहे. मासेमारीच्या बोटींचे शाफ्ट, काजू कारखान्यांतील यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्तीला येणारे पंप ही आमची नेहमीची कामे. विमानाच्या आसनांचा जोड तयार करण्याचे काम आमच्याकडे आले ते केवळ एका जुन्या ओळखीमुळे. आसने बनवणाऱ्या एका बाहेरगावच्या कंपनीतील अभियंत्याला, नमुने झटपट करून देणारी आणि ते फसले तर कुरकुर न करता पुन्हा करून देणारी जागा हवी होती. मंजुरी, प्रमाणपत्रे आणि अंतिम चाचण्या ही सर्व जबाबदारी त्या कंपनीची होती. आमच्याकडे आराखड्याचा एक तुकडा, त्याचे नमुने आणि प्राथमिक चाचण्या एवढेच होते. ही मर्यादा आरंभीच सांगणे योग्य, कारण येथे मांडलेली चूक माझ्या वाट्याच्या त्या तुकड्यातलीच आहे.

मागणी

मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असलेल्या लहान प्रवासी विमानात आसनांच्या रांगा पुढेमागे करण्याचे काम दोन माणसांना एका रात्रीत, पाना न लावता करता यावे, अशी मागणी होती. तिच्यामागचा हिशेब साधा आहे. एका आसनावरील एखाद्या बिंदूपासून त्याच्या पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे रांगेचे अंतर, ज्याला या धंद्यात ‘पिच’ म्हणतात. रांगांसाठी ४८० इंच लांबी मोकळी आहे असे धरले, तर ३० इंचांच्या पिचने तीत १६ रांगा बसतात आणि ३२ इंचांच्या पिचने १५. म्हणजे एक रांग, अर्थात चार आसने, काढून टाकली की उरलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या गुडघ्यापुढे दोन इंच जागा वाढते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून कोकणात येणाऱ्या माणसाला गुडघ्याची फिकीर नसते, तिकिटाची असते. तोच माणूस भर पावसात कामासाठी आला तर त्याला ऐसपैस बसायला हवे असते. हंगामाप्रमाणे मांडणी बदलता आली तर विमान चालवणाऱ्याला ते हवेच असणार. मे महिन्यात मागच्या दोन रांगा काढून तेथे आंब्याच्या पेट्या ठेवता येतील का, असेही एका बैठकीत कोणी सुचवले होते. प्रवासी कक्षात माल बांधण्याचे नियम आणि जाळ्या हा वेगळाच विषय असल्याने ती कल्पना चहा संपेपर्यंतही टिकली नाही.

आसने सरकवता येतात याचा अर्थ ती मनाला येईल तेथे ठेवता येतात असा नव्हे. प्रत्येक मांडणीचा मंजूर नकाशा असावा लागतो. संकटकालीन दारासमोरची वाट, डोक्यावरचे दिवे आणि हवेच्या झडपा, आसनाखालचे जीवरक्षक जाकीट आणि विमानाचा तोल या सगळ्यांचा त्यात विचार झालेला असतो. आमच्या जोडाला म्हणून दोनच मंजूर मांडण्यांमध्ये ये-जा करायची होती. मात्र ती वारंवार करायची होती, आणि प्रकरणाचे मूळ या ‘वारंवार’मध्ये आहे.

रूळ आणि जोड

विमानाच्या जमिनीत लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमचे रूळ बसवलेले असतात. वरून पाहिले तर रूळ म्हणजे एक लांब अरुंद फट असते आणि त्या फटीवर दर इंचाला, म्हणजे २५.४ मिलिमीटरला, एक गोल भोक असते. भोकाचा व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि दोन भोकांमधील फटीची रुंदी सुमारे ११ मिलिमीटर भरते. फटीच्या दोन्ही बाजूंना आतल्या पोकळीवर पुढे आलेले जे काठ असतात त्यांना आम्ही ‘ओठ’ म्हणत होतो. आसनाच्या पायाच्या जोडाला छत्रीसारख्या डोक्याचे स्टड असतात. ही डोकी गोल भोकांतून खाली उतरतात आणि जोड अर्धा इंच सरकवला की ती दोन भोकांच्या मधल्या ओठांखाली जातात. आता आसन वर उचलले जात नाही, पण रुळावरून पुढेमागे मात्र सरकू शकते. ते सरकणे थांबवण्यासाठी प्लंजर असतो. ही भोकाच्याच मापाची जाड खुंटी असून स्टड ओठांखाली गेले की ती नेमकी एका मोकळ्या भोकावर येते आणि वरून त्यात उतरते.

वरचा ओढा स्टड झेलतात आणि आडवा रेटा प्लंजर झेलतो, अशी ही कामाची वाटणी आहे. पण ही वाटणी समान नाही. स्टडची डोकी ओठांखाली राहतात ती प्लंजरने जोड जागेवर धरून ठेवला आहे म्हणून. प्लंजर सुटला आणि जोड कोणत्याही एका दिशेला अर्धा इंच सरकला, की सगळी डोकी पुन्हा गोल भोकांच्या बरोबर खाली येतात आणि आसन ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर निघते. पक्के धरलेले आसन आणि नुसते रुळावर ठेवलेले आसन यांत १२.७ मिलिमीटरचे अंतर असते. नकाशावर हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होते, पण त्याचा अर्थ कळायला एक पावसाळा जावा लागला.

आता ओझ्याचा अंदाज. प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांतील कलम २५.५६१ प्रमाणे आसनाने पुढच्या दिशेला ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, इतका स्थिर भार सोसावा लागतो. १९८८ मध्ये त्यात कलम २५.५६२ ची भर पडली आणि आसन पुतळ्यासह प्रत्यक्ष धक्क्याने तपासणे आले. एका चाचणीत पुढच्या दिशेला किमान १६ जी, तेही आसन १० अंश तिरके ठेवून. दुसरीत मुख्यतः खालच्या दिशेला किमान १४ जी. पुढच्या धक्क्याच्या चाचणीआधी दोन समांतर रुळांपैकी एक १० अंश उभ्या दिशेने वाकवायचा आणि दुसरा १० अंश पिळायचा, अशीही अट आहे, कारण आपटलेल्या विमानाची जमीन सपाट राहील असे धरून चालता येत नाही. माणसाचे वजन १७० पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो धरतात.

दोन आसनांच्या एका जोडीसाठी कागदावर केलेला हिशेब असा होता. दोन माणसांचे १५४ किलो आणि आसनाचे २० किलो मिळून १७४ किलो. १६ जी म्हणजे हे वजन क्षणभर सोळापट झाल्यासारखे, अर्थात पुढच्या दिशेला सुमारे २.८ टनांचा रेटा. हा रेटा जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीवर लागतो आणि पुढच्या व मागच्या पायांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर आसन पुढच्या पायांवर कोलांटी घेऊ पाहते आणि मागच्या दोन पायांपैकी प्रत्येकावर सुमारे १.८ टनांचा वरचा ओढा येतो. आसन तिरके असल्याने तो दोन्हीकडे सारखा वाटला जात नाही. एका पायावर त्याहून जास्त येतो. म्हणजे ज्या जोडाला सर्वांत जास्त वर ओढले जाते त्याच जोडाला त्याच क्षणी पुढेही रेटले जाते. वरचा ओढा स्टडवर येतो आणि पुढचा रेटा प्लंजरवर. दोघांनाही एकाच वेळी टिकावे लागते.

पहिला आराखडा

प्रचलित जोडांमध्ये प्लंजर खाली बसवून एक स्क्रू ठरावीक ताकदीने आवळतात, त्यामुळे जोड खडखडत नाही आणि प्लंजरही हलत नाही. काम चोख होते, पण वेळ खाते. १६ रांगा म्हणजे आसनांच्या ३२ जोड्या. प्रत्येक जोडीला चार जोड म्हणजे एकूण १२८, त्यांपैकी कुलूप असलेले मागचे ६४. एकेक स्क्रू मोजणीच्या पान्याने सैल करायचा, सरकवायचा, पुन्हा आवळायचा आणि नोंदवायचा, यात रात्र संपून जाते.

मोटारीच्या आसनासारखी घसरपट्टी आणि दाते असा विचार कोणाच्याही मनात येईल, आमच्याही आला. तो सोडला, कारण रूळ विमानाचे होते आणि ते आम्हाला बदलायचे नव्हते. शिवाय लहान विमानांतील घसरत्या आसनांचा इतिहास काही चांगला नाही. त्याविषयी पुढे येईल.

मी ठरवले ते असे. स्क्रूच्या जागी एक लिव्हर. तो उभा केला की प्लंजर वर येतो, आडवा दाबला की खाली जातो आणि लिव्हर जोडाच्या पाठीवर चपखल झोपतो. रुळांच्या मापांत थोडाफार फरक असतो आणि सर्व ठिकाणी लिव्हर सारख्याच जोराने मिटावा, म्हणून लिव्हर आणि प्लंजर यांच्यामध्ये एक कडक स्प्रिंग घातली. स्वच्छ रुळावर हा जोड इतका सुरेख चालत असे की कंपनीतून आलेला अभियंता तो उगीचच चार-पाच वेळा उघडमीट करून बघत बसला. पहिल्या ओढचाचण्याही पार पडल्या. येथपर्यंतचे प्रकरण दोन ओळींत संपले असते.

पडवीतला पावसाळा

धातूच्या लेपांसाठी मीठ-फवाऱ्याची प्रमाणित चाचणी असते. ३५ अंश तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचा धुरळा नमुन्यावर सतत सोडतात. ती कंपनी करणारच होती. पण ती चाचणी लेप किती टिकतो याविषयी बोलते. साखर वाळून तिची खळ झाली, तीत धूळ रुतली आणि वरून दमट हवेने ती पुन्हा ओली झाली, तर सरकणारा भाग कसा वागतो, हे तिच्यातून कळत नाही. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा महिनोन्‌महिने ओलसर असते आणि येथील विमानतळासाठी मोकळी सपाट जागा म्हणजे बहुधा जांभ्याचा सडा. त्या सड्यावरची तांबडी माती प्रवाशाच्या चपलेला लागून थेट रुळापर्यंत जाते.

म्हणून रुळाच्या तुकड्यांवर बसवलेले आठ जोड आम्ही आषाढाच्या सुरुवातीला वेंगुर्ल्यात समुद्राजवळच्या एका घराच्या पडवीत मांडले. पाऊस थेट अंगावर येऊ नये, पण खारा वारा यावा, अशी ती जागा होती. दर आठवड्याला त्यांवर फडक्यातून चाळलेली तांबडी माती भुरभुरायची, आळीपाळीने साखरेचा चहा आणि कोकम सरबत सांडायचे, जोड उघडून एक भोक पुढे सरकवायचा आणि पुन्हा मिटायचा, असा क्रम ठेवला. कोकम सरबत घेतले ते गंमत म्हणून नव्हे. त्यात आंबटपणा, साखर आणि मीठ तिन्ही असतात. ॲल्युमिनियमचे वैर मिठातल्या क्लोराइडशी, आणि साखरेचा चिकटपणा मातीला धरून ठेवतो. ही प्रमाणित चाचणी नव्हती आणि तिचे आकडे कोणत्याही प्रमाणपत्रात जाणार नव्हते. त्या घरच्या आजींनी मात्र इतके सरबत फुकट घालवल्याबद्दल आम्हाला एकदा चांगलेच सुनावले.

आश्विनात सगळे जोड शेडमध्ये आणले. रुळाच्या कापलेल्या टोकांना पांढरी भुकटी धरली होती, ते अपेक्षितच होते. ७०७५ जातीचे ॲल्युमिनियम ताकदीला उत्तम, पण त्याच्या सर्वांत कडक अवस्थेत ते गंजाचे पापुद्रे धरते आणि ताणाखाली तडकते. टी-७३ ही उष्णोपचाराची अवस्था घेतली तर थोडी ताकद जाते, पण हा धोका बराच कमी होतो. काही नव्या विमानांत ओल्या जागी टायटॅनियमचे रूळ वापरतात ते याच कारणाने. आठही लिव्हर व्यवस्थित मिटलेले होते. मी वहीत ‘सर्व कुलपे बंद’ असे लिहिलेही.

आमच्या शेडमधले मेस्त्री आयुष्यभर बोटींची इंजिने उघडत आले आहेत. त्यांनी सवयीने प्रत्येक लिव्हर उघडून पुन्हा मिटला, एका जोडापाशी थांबले, तो कानाजवळ धरून पुन्हा मिटला आणि म्हणाले, “भाऊ, ह्यां बसला असां दिसता, पण बसूक नाय.” इतर जोड मिटताना शेवटी खणखणीत ‘टक्’ होत होते, या जोडाचा आवाज बद्द येत होता. खोलीमापकाने पाहिले तेव्हा प्लंजर दोन मिलिमीटर वरच अडकलेला निघाला. मग सगळेच मोजले, आणि आठपैकी तीन जोडांमध्ये प्लंजर पूर्ण खाली गेलेला नव्हता. भोकाच्या काठाशी माती आणि साखरेचा थर दगडासारखा बसला होता. त्या तिन्हींचे लिव्हर मात्र इतरांइतकेच सपाट झोपलेले होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही, ते मीच घातलेले होते. लिव्हर स्प्रिंग दाबत होता आणि स्प्रिंग प्लंजरला. प्लंजर वरच अडला की उरलेले अंतर स्प्रिंग आपल्या पोटात घेत असे आणि लिव्हर निर्धास्त मिटत असे. लिव्हर झोपलेला आहे याचा अर्थ स्प्रिंग दाबली गेली आहे एवढाच होता. प्लंजरविषयी तो काहीही सांगत नव्हता. कोकणातल्या जुन्या घरात पावसाळ्यात दार फुगते आणि अडसर अर्धाच सरकतो, पण तो निदान अर्धा दिसतो. माझ्या जोडात अडसर अर्धा होता आणि वरून पाहणाऱ्याला पूर्ण दिसत होता.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे जोड ओढून पाहिले. पूर्ण बसलेल्या प्लंजरच्या जोडाने ठरवलेला भार सहज घेतला. अपुऱ्या बसलेल्या जोडाच्या बाबतीत भार निम्म्यावरही पोहोचला नव्हता, तोच प्लंजरच्या खालच्या कडेला दिलेली उतरती धार भोकाच्या काठावर चढली, प्लंजर वर उचलला गेला आणि जोड एका झटक्यात अर्धा इंच पुढे गेला. स्टडची डोकी भोकांखाली आली आणि जोड रुळातून अलगद हातात आला. काहीही तुटले नव्हते. सगळे भाग शाबूत होते आणि यंत्रात पुन्हा लावता येण्याजोगे होते. मोडलेल्या भागाचा मोडलेला पृष्ठभाग काही तरी सांगतो. येथे विचारायलाच काही शिल्लक नव्हते.

याआधी घडलेले

हा प्रकार नवा नाही, हे नंतर वाचताना लक्षात आले. आधी वाचायला हवे होते. २०१२ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानांत उड्डाणाच्या दरम्यान आसनांच्या रांगा सैल झाल्या. कंपनीने त्या प्रकारची ४८ विमाने तपासणीसाठी थांबवली. आरंभी एका क्लॅम्पवर संशय होता. पुढे कंपनीने सांगितले की रुळांत सांडलेली शीतपेये, कॉफी आणि साचलेली घाण यांमुळे कुलपाच्या पिना नीट बसत नव्हत्या. कारागिरांनी आसने बसवली होती, पाहिलीही होती, आणि ती बसलेली दिसत होती.

सेस्ना कंपनीच्या लहान विमानांतील वैमानिकाचे आसन हे याच कुळातले जुने उदाहरण. तेथे आसन चाकांवर मागेपुढे घसरते आणि रुळाच्या भोकात पिन जाऊन ते थांबते. भोके झिजली किंवा पिन पुरती उतरली नाही, तर उड्डाण घेताना, म्हणजे विमानाचे नाक वर असताना, आसन मागे घसरते आणि वैमानिकाचे हात-पाय नियंत्रणांपासून दूर जातात. १९८७ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेने, याबाबत सक्तीच्या तपासणीचा आदेश काढला. झिजलेल्या भोकाचे माप ०.३६ इंचांपुढे गेले की दर १०० तासांनी मोजत राहायचे आणि ०.४२ इंचांपुढे गेले की रूळच बदलायचा, तसेच पिन किमान ०.१५ इंच आत उतरली पाहिजे, अशी मापे त्यात आहेत. २०११ मध्ये त्याची जागा सुधारित आदेशाने घेतली. मला या आदेशातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली ती ही, की त्यात दांड्याच्या स्थितीवर विसंबलेले नाही. पिन किती खोल गेली ते मोजायला सांगितले आहे.

दुसरा आराखडा

पहिला बदल म्हणजे भाराच्या वाटेतली स्प्रिंग काढून टाकली. लिव्हर, त्याची कडी आणि प्लंजर ही आता ताठ साखळी आहे. लिव्हर मध्यबिंदू ओलांडून पलीकडे झोपतो, पण प्लंजर ओठांच्या पूर्ण जाडीपलीकडे उतरला तरच त्याला ते ओलांडता येते. प्लंजर वर अडला तर लिव्हर अर्ध्यातच उभा राहतो आणि त्याला पाय अडखळतो. रुळांच्या मापांतील फरकासाठी खडखड थांबवणारा वेगळा स्क्रू दिला. तो आसन घट्ट ठेवण्यापुरता आहे, कुलपाशी त्याचा संबंध नाही.

दुसरा बदल निशाणाचा. कंपनीने आधी लिव्हरवर हिरवा-तांबडा रंग सुचवला होता. मी त्याला विरोध केला, कारण पहिल्या आराखड्यातली चूकच मुळी लिव्हरला साक्षीदार मानण्याची होती. आता तांबडी पट्टी एका हलक्या स्प्रिंगने वर राहते आणि प्लंजरचा खांदा आपल्या तळाशी टेकला की त्या खांद्यानेच ती खाली ओढली जाते. निशाण प्लंजरला बांधलेले आहे. मार्गिकेत उभे राहून वाकून न बघता ते दिसावे, यासाठी पट्टीची उंची तीनदा बदलावी लागली, आणि शेवटी ती प्रवाशाच्या पिशवीचा बंद अडकेल इतकी वर आली म्हणून चौथ्यांदा कमी केली.

यानंतर जी अडचण आली तिचा मी विचारच केला नव्हता. नवा नमुना मेस्त्रींच्या हाती दिला आणि मळलेल्या रुळावर लिव्हर मिटेना, तेव्हा त्यांनी अगदी सहज त्यावर टाच मारली. लिव्हर मिटला, प्लंजरही खाली गेला, पण कडीची पिन वाकली. जो कारागीर पहाटे चारला चौसष्टावा जोड मिटवत असेल तो टाच मारणारच, हे गृहीत धरून आराखडा करावा लागतो. लिव्हर अधिक जाड करणे हा एक मार्ग होता आणि वजनामुळे तो लगेच बाद झाला. ६४ जोडांवर प्रत्येकी ५० ग्रॅम वाढले तरी सुमारे सव्वातीन किलो होतात, आणि विमानात ते रोज वाहावे लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे प्लंजर मळीतूनही खाली जाईल असा करणे. टोकाला लांब निमुळता उतार दिला तर तो मळी बाजूला सारतो, हे खरे. परंतु उतार हाच तर आधीच्या चाचणीत भोकाच्या काठावर चढला होता. ओठाच्या जाडीइतका भाग सरळ दंडगोलच हवा. उतार द्यायचा तर त्याच्या खाली, आणि खाली रुळाची पोकळी किती खोल आहे याला मर्यादा. कित्येक दिवस हे एक-दोन मिलिमीटरांचे भांडण चालले होते. अखेरीस उतार अगदी आखूड ठेवला, त्याऐवजी खालची कड तीक्ष्ण खरवडणीसारखी केली आणि सुटलेली मळी खाली पडायला प्लंजरच्या अंगावर दोन उभ्या खाचा दिल्या. खाचा भाराच्या दिशेला नाहीत, बाजूंना आहेत. ग्रीस लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मानला नाही, कारण तांबड्या मातीत ग्रीस म्हणजे आमंत्रण. कोरडा वंगणलेप वापरला. प्लंजर स्टेनलेस पोलादाचा आणि रूळ ॲल्युमिनियमचा असल्याने खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आधी झिजणार, ही गोष्ट मात्र पूर्णपणे टाळता आली नाही. रुळावर झाकणपट्टी आणि ठरावीक मुदतीची सफाई यांवरच ती सोपवावी लागली.

तिसरी अडचण कंपनीच्या बाजूने आली. ताठ साखळी केल्यामुळे रूळ वाकवण्या-पिळण्याच्या अटीत जोडाच्या अंगावर भलताच ताण येऊ लागला, कारण पूर्वी स्प्रिंग आणि ढिलेपणा यांमुळे जे थोडे मुरडणे शक्य होते ते आता नव्हते. या अटीचे महत्त्व समजण्यासाठी केगवर्थची दुर्घटना आठवावी. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडचे बोइंग ७३७-४०० इंग्लंडमध्ये महामार्गाच्या बांधावर आदळले आणि विमानातील १२६ जणांपैकी ४७ जणांचा मृत्यू झाला. तेथे पुष्कळ आसने सुटली ती प्रामुख्याने खालची जमीनच मोडल्यामुळे. जोड कितीही बळकट असला तरी तो वाकलेल्या जमिनीबरोबर वळू शकला नाही, तर एक तर रुळाचा ओठ उलतो किंवा पाय तुटतो. उपाय जोडाच्या वर केला. जोड आणि आसनाचा पाय यांच्यामध्ये गोलाकार बेअरिंग आले, म्हणजे कुलूप रुळाशी ताठ राहते आणि पाय त्यावर मुरडतो. हे काम कंपनीने स्वतः केले, आणि धक्क्याच्या चाचण्याही तिनेच करून घेतल्या. आम्ही केवळ बेअरिंगची बैठक कातून दिली.

ठरले ते

दुसरा नमुना पुढच्या पावसाळ्यात त्याच पडवीत, त्याच क्रमाने राहिला. त्यातही दोन लिव्हर अर्ध्यात अडले, पण ते अर्ध्यात अडलेले दिसले आणि तांबडी पट्टी वर राहिली. माझ्या दृष्टीने ती चाचणी यशस्वी होती. कंपनीतल्या एका वरिष्ठांना ‘दोन अडले’ एवढेच वाचून ती अयशस्वी वाटली, आणि त्यांची समजूत घालण्यात एक पूर्ण दुपार गेली.

हत्याराविना सगळे विमान एका रात्रीत बदलण्याची मूळ मागणी अखेरीस कंपनीने स्वतःच आवरती घेतली. दोन मांडण्यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर असे दिसले की अंतर सगळीकडे सारखे वाटण्याचा आग्रह सोडला, तर पुढच्या बऱ्याच रांगा दोन्ही मांडण्यांत जागच्या जागी ठेवता येतात. त्या रांगांना पूर्वीचाच आवळण्याचा स्क्रू राहिला. लिव्हरचा जोड फक्त मागच्या, खरोखर हलणाऱ्या रांगांना मिळाला. मोकळी लांबी थोडी वाया गेली, पण वारंवार उघडल्या जाणाऱ्या कुलपांची संख्या कितीतरी घटली.

प्रत्येक जोडासाठी आम्ही पितळेचे एक जाडसर पान मापक म्हणून दिले होते. लिव्हर मिटल्यावर ते प्लंजरच्या खांद्यावरील फटीत सरकवायचे. प्लंजर तळाला असेल तरच ते आत जाते, नाही तर बाहेरच अडते. निशाण असताना हे मापक कशाला, आणि दर जोडामागे त्यात जाणारी काही सेकंदे वाचवता येणार नाहीत का, असा प्रश्न शेवटच्या बैठकीत आला. निशाणाची स्प्रिंगही त्याच साखरेत आणि मातीत काम करणार आहे, एवढेच उत्तर मी दिले. मापक नकाशात कायम राहिले आणि कामाच्या तक्त्यात त्याच्यासाठी सहीचा वेगळा रकाना आला.